उत्तराला उशीर लागतो तेव्हा



आपल्या नोव्हेनाच्या पेटीत दर आठवड्याला विनंतीच्या चिठ्ठ्या पडतात. परीक्षा, नोकरी, ऑपरेशन, शेतीचा वाद, लेकीचे लग्न. बहुतेक चिठ्ठ्या दोन-चार महिन्यांत बदलतात, कारण परीक्षा होऊन जाते आणि ऑपरेशनही होऊन जाते. एक विनंती मात्र बदलत नाही. अक्षर वेगळे, कागद वेगळा, मजकूर तोच: घरातल्या माणसाची दारू सुटावी. कोणी नवऱ्यासाठी लिहिते, कोणी मुलासाठी. लहान मुलांच्या अक्षरात वडिलांसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्याही असतात. अशाच एका चिठ्ठीच्या खाली एक प्रश्न होता. चिठ्ठी कोणाची हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक असते तरी इथे छापले नसते. प्रश्न असा, की इतकी वर्षे मागितले, आता मागणे थांबवले तर पाप लागेल का?

पाप लागणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे मोकळ्या मनाने वाचता येईल. देवाच्या दारात हजेरीपट नाही. थकलेल्या माणसाच्या गप्प बसण्याला देव गुन्हा समजत नाही. पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे आणि तो एका ओळीत संपत नाही. जो देव सर्व जाणतो, ज्याला आपले भलेच हवे आहे, त्याच्याकडे तीच गोष्ट हजार वेळा मागण्यात अर्थ तरी काय?

यावर काही ठरलेली उत्तरे आपण एकमेकांना देत असतो. पहिले उत्तर म्हणजे, तुझी श्रद्धा कमी पडली. हे उत्तर देणाऱ्यांनी ते देणे बंद करावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. जी बाई पंधरा वर्षे रात्री मुलांना निजवून जपमाळ हातात घेते, तिची श्रद्धा मोजायला आपल्यापैकी कोणाकडे तराजू आहे? दुसरे उत्तर जरा गोड आहे. देव तीन प्रकारे उत्तर देतो म्हणे: हो, नाही आणि थांब. शिबिरांतून, प्रवचनांतून आपण हे अनेकदा ऐकले आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमचे एक शिक्षक म्हणत, की ज्या विधानाला खोटे ठरायला जागाच नाही त्याने बहुधा काहीच सांगितलेले नसते. जे काही घडेल ते या तीनपैकी एकात बसणारच. मग त्या बाईला आपण नवीन काय सांगितले? तिसरे उत्तर म्हणजे, देवाचीच तशी इच्छा असेल. नवऱ्याने पगाराची रक्कम दुकानात उडवावी आणि घरी येऊन बायकोवर हात उगारावा, ही देवाची इच्छा आहे असे म्हणणाऱ्याने आपण कोणत्या देवाबद्दल बोलतो आहोत याचा विचार करावा.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा प्रश्न सरळ हाताळला. प्रार्थनेने देवाचे मन वळवता येते असे ते म्हणत नाहीत. देव काही चुकीचा निर्णय घेऊन बसलेला नाही, की आपण जाऊन त्याला समजवावे. त्यांचे म्हणणे असे, की देव जे देऊ इच्छितो त्यातल्या काही गोष्टी त्याने प्रार्थनेच्या वाटेनेच द्यायच्या ठरवल्या आहेत. धानाचे पाहा. धान पिकावे ही देवाचीच योजना, तरी रोवणी केल्याशिवाय बांधीत धान उभे राहत नाही. रोवणी करणारी बाई देवाचे मन वळवत नसते. देवाच्या कामात तिचा हात लागलेला असतो. प्रार्थना ही तशी रोवणी आहे, असे अक्वायनस यांचे म्हणणे मी आपल्याकडच्या भाषेत मांडीन.

हे उत्तर मला पटते. पण चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईला निदान माहीत असते की चार महिन्यांनी कापणी आहे. आपल्या चिठ्ठीवाल्या बहिणीला तेही माहीत नाही.

दुसऱ्या माणसासाठी केलेल्या प्रार्थनेला उशीर लागण्याचे एक कारण मात्र समजण्यासारखे आहे. पाऊस मागताना आपण ढगाबद्दल मागतो. ढगाला स्वतःचे मन नसते. नवऱ्याची दारू सुटावी असे मागताना आपण एका माणसाच्या इच्छेबद्दल मागत असतो आणि ती इच्छा देवाने त्याला स्वतःची म्हणून दिली आहे. देव ती हिसकावून घेत नाही. तो त्या माणसाच्या मनाला आतून बोलावतो, वाट दाखवतो, कधी एखाद्या अपघातातून, कधी लेकराच्या एका वाक्यातून. पण पाऊल त्या माणसालाच उचलावे लागते. शिवाय दारूच्या आहारी गेलेल्याची इच्छा नुसती वाईट नसते, ती आजारी असते. सकाळी सोडायची ठरवतो आणि संध्याकाळी पाय आपोआप तिकडे वळतात. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात, म्हणजे ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात, अशा दुभंगलेल्या इच्छेचे जे वर्णन केले आहे ते कोणत्याही व्यसनी माणसाला वाचून दाखवा, तो म्हणेल की हे माझेच लिहिले आहे.

ऑगस्टीनचे नाव निघाले की मोनिकेकडे जावेच लागते. २७ ऑगस्टला आपण संत मोनिकेचा सण पाळतो आणि तिची गोष्ट थोडक्यात उरकतो: आई रडली, मुलगा संत झाला. खरी गोष्ट इतकी सरळ नाही. मोनिका स्वतः मुलगी असताना तळघरातल्या पिंपातून द्राक्षारस आणायला जायची आणि रोज एक-एक घोट घेता घेता पेला भरून प्यायला लागली होती. घरातल्या एका दासीने भांडणात तिला दारुडी म्हटले, ते तिला इतके लागले की तिने ती सवय तिथेच सोडली. हे आपल्याला ऑगस्टीनच सांगतो. पुढे तिला नवरा मिळाला तो तापट आणि बाहेरख्याली. गावातल्या इतर बायका तोंडावरचे वळ घेऊन तिच्याकडे यायच्या आणि ती त्यांना गप्प राहण्याचा, स्वतःला नवऱ्याची दासी समजण्याचा सल्ला द्यायची. ती संत आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिचा हा सल्ला मी आज कोणत्याही बहिणीला देणार नाही.

मुलगा एकोणिसाव्या वर्षी मानी पंथाच्या नादी लागला. ती एका बिशपांकडे गेली, माझ्या मुलाला समजवा म्हणून. ते म्हणाले, आता नको, तो अजून ऐकण्याच्या स्थितीत नाही, तू प्रार्थना करत राहा. ती हलेना, रडत पुन्हा पुन्हा तेच मागत राहिली. शेवटी ते थोडे वैतागले आणि जा म्हणाले, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जायचा नाही. (बिशपही माणसेच असतात, हे वाचून मला नेहमी बरे वाटते.)

त्यानंतर ३८३ साली ऑगस्टीनने आफ्रिका सोडून रोमला जायचे ठरवले. आईला ते नको होते. ती त्याच्या मागोमाग कार्थेजच्या किनाऱ्यापर्यंत आली. त्याने तिला खोटेच सांगून तिथल्या संत सिप्रियनच्या स्मारकात रात्र काढायला पाठवले आणि रातोरात गलबतात बसून निघून गेला. ती रात्रभर देवाजवळ एकच मागत होती: तो जाऊ नये. सकाळी किनारा रिकामा. तिची प्रार्थना अगदी स्पष्टपणे नाकारली गेली होती. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथे त्याला बिशप अँब्रोज भेटले आणि ३८७ सालच्या ईस्टरला, बत्तिसाव्या वर्षी, त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीनने नंतर लिहिले, की त्या रात्री आईने जे मागितले ते देवाने दिले नाही, कारण ती जे नेहमी मागत होती ते त्याला द्यायचे होते.

हा विचार मला मोलाचा वाटतो, पण तो जपून वापरायला हवा. तो ऑगस्टीनने मागे वळून पाहताना लिहिला आहे. त्या सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आईला हे कोणी सांगितले असते तर ते क्रूर झाले असते. ज्यांच्या घरात आज वादळ चालू आहे त्यांना वादळाचे फायदे समजावू नयेत.

मग त्या सकाळी मोनिकेने काय केले? ऑगस्टीन सांगतो, की ती ओरडून रडली, देवाकडे तक्रार केली आणि पुन्हा आपल्या रोजच्या कामाला आणि त्याच प्रार्थनेला लागली. तिच्या चिकाटीचे इतके वर्णन मला पुरते.

प्रभू येशूने न थकता प्रार्थना करण्याबद्दल जी गोष्ट सांगितली ती आपल्याला पाठ आहे. संत लूकच्या अठराव्या अध्यायात एक विधवा आहे आणि एक न्यायाधीश आहे, जो देवाला भीत नाही की माणसाला जुमानत नाही. ती रोज जाते. त्याला ना न्यायाची चाड ना तिची दया, पण तिच्या येण्याचा त्रास नको म्हणून तो शेवटी न्याय देतो. प्रवचनात आम्ही घाईने सांगतो की देव त्या न्यायाधीशासारखा नाही, उलट तो किती चांगला. ते बरोबरच आहे. पण ती विधवा काय मागत होती याकडे आमचे लक्ष राहत नाही. तिला चमत्कार नको होता, न्याय हवा होता. तिच्या बाबतीत काहीतरी चुकीचे घडले होते आणि ते चुकीचे आहे हे ती रोज, मोठ्याने, योग्य माणसासमोर जाऊन सांगत होती. गावातले लोक तिला म्हणाले असतील, की जाऊ दे बाई, असेच असते. तिने ते मानले नाही.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्याने अशा विधवा हजारोंनी पाहिल्या आहेत. शेजारच्या वर्ध्यात १९७५पासून आणि गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी. चंद्रपूर मधोमध मोकळा. डिसेंबर २०१० मध्ये ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो महिला चिमूरहून पायी नागपूरला, हिवाळी अधिवेशनावर गेल्या. मागणी एकच, आमच्या जिल्ह्यात दारूबंदी करा. पुढे गावोगावचे ठराव झाले, सरकारने समिती नेमली, आश्वासने मिळाली, तारखा उलटल्या, बायका पुन्हा रस्त्यावर आल्या. अखेर मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. त्यांतल्या बहुतेक जणी ख्रिस्ती नव्हत्या आणि त्यांच्या मोर्चाला मी आपल्या धर्माचा शिक्का मारू इच्छित नाही. पण लूकचा अठरावा अध्याय वाचताना माझ्या डोळ्यांसमोर यहुदियातली बाई येत नाही, थंडीच्या दिवसांत चिमूरच्या रस्त्याने चालणाऱ्या बायका येतात.

गोष्ट तिथे संपली असती तर मी ती आनंदाने प्रवचनात सांगितली असती. ती संपली नाही. सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, सरकारने ही बंदी उठवली. अवैध विक्री आणि गुन्हेगारी वाढली, महसूल बुडाला, अशी कारणे दिली गेली. त्याच वर्षी दुकाने पुन्हा उघडली. बंदी हे या रोगावरचे योग्य औषध आहे की नाही यावर विचारी माणसांत मतभेद आहेत आणि बंदीच्या काळातही चोरून दारू येत होती हे आपण सगळे जाणतो. मोहाच्या फुलाचाही काही दोष नाही. आपल्या आदिवासी शेजाऱ्यांच्या जन्म-मरणाच्या विधींत मोहाला मान आहे आणि त्या मानाने पिणे वेगळे, पगाराच्या दिवशी घर विसरून पिणे वेगळे. तो वाद इथे सोडवायचा नाही. मला प्रश्न पडतो तो असा: ज्या बाईने पाच वर्षे मागितले, तिला मिळाले आणि मग हातातले काढून घेतले गेले, तिने आता काय म्हणावे? शुभवर्तमानातली विधवा न्याय घेऊन घरी गेली. पुढच्या वर्षी न्यायाधीशाने निकाल फिरवला असता तर?

मला वाटते, ती परत गेली असती. कारण निकाल बदलला तरी तिच्यावर झालेला अन्याय अन्यायच राहतो.

इथे मला त्या चिठ्ठीतल्या प्रश्नाचे उत्तर थोडेसे सापडते. सतत मागत राहणे ही देवाकडून काहीतरी काढून घेण्याची युक्ती नाही. शंभर जपमाळा झाल्या की काम होते असे मोजमाप कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. जे चालले आहे ते ठीक नाही, हे देवासमोर रोज म्हणत राहणे म्हणजे चिकाटीची प्रार्थना. आणि हा माणूस मी टाकलेला नाही, हेही त्यातच येते. मी घरोघर जातो तेव्हा एक गोष्ट पाहतो. ज्या घरात हे मागणे बंद झालेले असते तिथे बरेचदा त्याआधी एक वाक्य आलेले असते: नशिबात होते, सगळीकडे असेच असते. आधी ते वाक्य येते आणि मग प्रार्थना थांबते. क्वचित उलटेही होते. पण एकदा का वाईट गोष्ट नेहमीची झाली, की ती दिसेनाशी होते. प्रार्थना ती दिसती ठेवते. तेराव्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता देवाला कधीपर्यंत असे चार वेळा विचारतो. ही तक्रार बायबलमध्ये प्रार्थना म्हणून ठेवली आहे, हे विसरू नये.

रोम पडल्यानंतर आफ्रिकेत आश्रयाला आलेल्या प्रोबा नावाच्या एका विधवेने, बघा पुन्हा विधवाच, ऑगस्टीनला प्रार्थना कशी करावी असे पत्राने विचारले होते. त्याचे उत्तर साधारण ४१२ सालचे आहे. देवाला आपल्या गरजा कळवाव्या लागत नाहीत, असे तो तिला लिहितो. मागत राहिल्याने आपली इच्छा रुंदावते आणि देव जे देणार आहे ते मावेल एवढी जागा आपल्यात होते. हे मी काही घरांत घडताना पाहिले आहे. सुरुवातीला मागणे असते, याची दारू सुटू दे म्हणजे माझा त्रास संपेल. काही वर्षांनी मागणे होते, हा बरा होऊ दे. दोन्ही योग्यच. पण दुसऱ्यात तो माणूस पुन्हा माणूस म्हणून दिसू लागलेला असतो.

मग थांबायचे कधीच नाही का? पौलाने आपल्या देहातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि मग थांबला. पण तो काटा त्याचा स्वतःचा होता आणि त्याला उत्तर मिळाले होते. स्वतःच्या दुखण्याबद्दल एखाद्या टप्प्यावर मागणे थांबवून ते स्वीकारता येते, त्यात शांतीही असते. दुसऱ्याच्या नाशाबद्दल तसे स्वीकारणे मला जमत नाही. शब्द थकले तर शब्द थांबवा. नुसते त्याचे नाव घ्या. तेही जमेना तर चिठ्ठी टाका, आम्ही घेऊ ते नाव. ख्रिस्तसभा असते कशासाठी?

इथे एक अडचण उरते आणि ती मी लपवणार नाही. माणसाच्या इच्छेचे जे कारण मी वर दिले ते तापाने गेलेल्या लेकराला लागू पडत नाही. मलेरियाच्या जंतूला स्वातंत्र्य नसते. वाघाच्या हल्ल्यात घरचा माणूस गेलेल्यांनाही ते सांगता येत नाही. गेथशेमानी बागेत प्रभूने स्वतः तीनदा तेच मागितले आणि प्याला टळला नाही. त्याच्यापुढे माझे तत्त्वज्ञान थांबते. इतकेच दिसते, की ज्याला उत्तर मिळाले नाही अशांच्या रांगेत देवाचा पुत्रही उभा आहे.

आता थोडे व्यवहाराचे. ज्या बहिणींना घरात मारहाण होते त्यांनी मार खात राहणे याला प्रार्थना समजू नये. मोनिकेचा सल्ला इथे लागू नाही. पोलिसांत जाणे, माहेरी जाणे, सिस्टरांकडे येणे यात श्रद्धेचा अभाव नाही. त्या विधवेनेही न्यायाधीशाचेच दार गाठले होते. दुसरे, जो माणूस कित्येक वर्षे रोज भरपूर पितो त्याची दारू घरी एकाएकी बंद करू नका. हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, कधी जीवही जातो. नवस फेडल्यासारखे एका रात्रीत करायचे ते काम नव्हे. आधी डॉक्टरकडे न्या.

आणि ज्यांच्यासाठी ही नावे घेतली जातात त्यांच्यापैकी काही जण हे पत्रक वाचतील. बायकोने ते टेबलावर मुद्दाम उघडे ठेवले असेल. तिच्यावर रागावू नका. तुमच्या घरात रात्री दबक्या आवाजात कोणीतरी तुमचे नाव घेत असते, ते तुम्ही कधीतरी अर्धवट झोपेत ऐकलेही असेल. तुम्हाला प्रवचन द्यायचे नाही. व्यसनमुक्ती केंद्रात जायचे असेल तर सोबत मी येईन, चर्चमध्ये त्याची वाच्यता होणार नाही. सकाळच्या मिस्सेनंतर मी असतो. रात्री दहापर्यंत बंगल्याचे फाटक उघडे असते. त्यानंतर आलात तर ठोठावा, मला जाग येईपर्यंत ठोठावा.